आज तू वर

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलेलं, मूठ दातात धरलेली, डोळे मिटलेले, असे उस्ताद गाडीपुढं उकिडवे बसले होते. गाडी चालू होती. मी कमरेवर पाण्याची कळशी घेऊन कनातीच्या मागून आले आणि तिथंच थबकले. माझ्याशिवाय गाडीचं इंजिन लावायला बसायचं नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

कळशी खाली ठेवून मी समोर जाऊन उभी राहिले. माझी सावली अंगावर पडली तसे त्यांनी डोळे उघडले. हे काय, असं मी हातानंच विचारलं. त्यांनी गाडी बंद केली, स्क्रू-ड्रायव्हर धोतराच्या जुन्या फडक्याला पुसला.

"झाली," ते म्हणाले. "लोण्यासारखी लागलीय."

"कुणाला? दातांना?" मी ओठ नीट हलवत बोलले, म्हणजे त्यांना वाचता येतील.

"दातांनाच. दात माझंच हायत न्हवं?"

आणि कळशीतलं पाणी ओंजळीनं पिऊन ते चालू लागले.

आता हे दातांचं प्रकरण आधी सांगायला पाहिजे. उस्ताद म्हणजे माझा नवरा, इलाही मुलाणी. जत्रेत मौत का कुआँ असतो ना, त्यात मोटारसायकल चालवायचे. फळ्या जोडून उभी केलेली गोल लाकडी विहीर. वरच्या कठड्याला चौफेर माणसं उभी असतात आणि खाली तळात आम्ही. आधी तिरक्या फळ्यांवरून फिरत वेग घ्यायचा आणि मग उभ्या भिंतीवर चढायचं. मलाही गाडी त्यांनीच शिकवली, निकाहच्या आधी. तेव्हापासून उस्ताद म्हणायची सवय लागली ती लागलीच. नवऱ्याला उस्ताद म्हणते म्हणून चुलत जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत, त्यांच्या नवऱ्यांना कुणी उस्ताद म्हणत नव्हतं.

कुव्यातल्या गाड्यांना सायलेन्सर नसतो. आवाज झाला नाही तर लोक तिकिटाला कशाला येतील? त्या लाकडी पिंपात दिवसभर तो आवाज घुमायचा, आणि वर्षानुवर्षं घुमून त्यानं उस्तादांचे कान खाल्ले. आधी मला वाटलं, बायकोचं ऐकायचं नाही म्हणून सोंग करतात. मग एकदा पाठीमागं कढई पडली तरी ते वळले नाहीत, तेव्हा मला कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आम्ही दोघांनी ते लपवलं. ते ओरडून बोलायचे आणि लोकांना वाटायचं उस्तादांचा पारा चढलाय. बहिऱ्या माणसाला भिंतीवर कोण चढवील? आणि भिंतीवरून उतरवलं तर हा माणूस जगेल कशावर, हे मला ठाऊक नव्हतं. पोटाचं कसंही भागलं असतं. मी त्यांच्या जिवाचं म्हणते. त्यांना जमिनीवर नुसतं चालतानासुद्धा चुकल्यासारखं व्हायचं.

गाडी लावताना कान लागतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा किती मिसळायची, हे स्क्रू फिरवत आवाजावर ठरवायचं असतं. पेट्रोल जास्त झालं तर आमच्यात गाडी ओली म्हणतात, हवा जास्त झाली तर कोरडी. ओली गाडी जरा थरथरते, धूर सोडते, पण थंड राहते. कोरडी गाडी गोड पळते, आणि आतून तापत जाते. तापता तापता पिस्टन धरतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. रस्त्यावर थांबलं तर माणूस फार तर खरचटतो. भिंतीवर थांबलं तर खाली तळ. उस्ताद शिकवताना पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ओली गाडी कपडे खराब करती, कोरडी गाडी माणूस.

म्हणून गाडी लावताना मी समोर ताटात तांदूळ निवडत बसायची. बघणाऱ्याला वाटावं बाई स्वयंपाकाला लागलीय. ते स्क्रू फिरवायचे आणि माझ्या हाताकडं बघायचे. पंजा उघडा म्हणजे अजून फिरवा, मूठ मिटली म्हणजे बस. दातात स्क्रू-ड्रायव्हर धरून थरथर ओळखायची युक्ती त्यांनी काढली ती नुसत्या खात्रीसाठी. दातांचा घोळ असा, की दातांना थरथर नको असते. गुळगुळीत लागलं की दात म्हणतात झाली. आणि गुळगुळीत म्हणजेच कोरडी. कानाला कळतं ते दाताला कळत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्या दिवशी ते एकटे बसले.

त्याला कारण सुकुमार. कुव्याचे मालक नेमगोंडा शेठ, त्यांचा हा मेव्हणा. माइकवर बोलायचं काम त्याचं. तोंड सुटलेलं आणि डोळे सगळीकडं. आरगावच्या बिरोबाच्या जत्रेत आम्ही तंबू ठोकले त्याच दिवशी त्यानं उस्तादांच्या पाठीमागं मुद्दाम पत्र्याचं घमेलं आपटलं होतं. उस्ताद विडी ओढत राहिले. मी पाहिलं, आणि मी पाहिलंय हे त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांच्या देखत म्हणाला, "उस्तादांची गाडी भाभी लावत्यात. उस्ताद नुसतं बसत्यात." माणसं हसली. उस्तादांना शब्द कळले नाहीत, पण हसणारी तोंडं कळली. नंतर मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला ताट उचलून आत जावं लागलं.

मुडदा बशिवला त्या सुकुमारचा, तो तेवढ्यावर थांबला नाही. शेठच्या कानावर घातलं. शेठ तसा वाईट माणूस नव्हता, पण धंदा करणारा माणूस. जत्रेच्या मुख्य दिवशी सकाळी तंबूत येऊन म्हणाला, "इलाही, आज मी सोता वर उभारून बघणार हाय. तुझ्या कानाबद्दल लोक काय काय बोलायला लागल्यात. गाडी तुझी तू लावतोस का न्हाई, एवढंच बघायचंय मला." बोलताना तो तोंड फिरवून बाहेर बघत होता, म्हणून मलाच उस्तादांच्या समोर येऊन सगळं परत बोलावं लागलं. शेठच्या ते लक्षात आलं असणार. तो तसाच निघून गेला.

म्हणून ते दातात स्क्रू-ड्रायव्हर धरून एकटे बसले. मी पाण्याला गेलेली वेळ साधून बसले.

चैत्राचं ऊन होतं. माळावर झाड नाही. कुव्यावर ताडपत्री ताणलेली, त्यामुळं आत धूर आणि उकाडा कोंडून राहायचा. फळ्यांना हात लावला तर चटका बसायचा. मुख्य दिवस म्हणजे आजूबाजूच्या गावांची माणसं बैलगाड्या, ट्रॅक्टर भरभरून आलेली. एक खेळ उतरला की दुसरा चढायचा. एरवी दोन खेळांच्या मध्ये गाड्या सावलीत उभ्या करून निवू द्यायचो. त्या दिवशी सुकुमारनं माइकवरून लोकांना हाकारे घालून घालून ती सवड ठेवलीच नाही.

पहिला खेळ आम्ही केला. भिंतीवर चढलो तेव्हापासून मला त्यांची गाडी ऐकू येत होती आणि ती मला आवडत नव्हती. आवाज पातळ होता. वेग कमी केला की फाट फाट करायची. तळात उतरल्यावर मी त्यांच्या कोपराला धरून त्यांना कनातीमागं नेलं, प्लगचा पाना हातात दिला आणि म्हटलं, काढा.

त्यांनी फडक्यात धरून प्लग काढला. चांगल्या गाडीचा प्लग चहाच्या रंगाचा निघतो. हा चुन्यासारखा पांढरा होता. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता.

ते प्लगकडं बघत राहिले. सगळं कळलं त्यांना. आवाजाची गोष्ट वेगळी, पण डोळे तर होते.

"आता पेट्रोल वाढवा," मी म्हणाले. "मी बसते समोर. कोण हसतंय ते मी बघते."

"इंजिन निवल्याबिगर काय लावणार?"

"मग निवू दे. शेठला सांगा गाडी बिघडलीय."

"आज सकाळीच मी लावली. सगळ्यांनी बघितलं. आणि आता मीच सांगू बिघडली?" त्यांनी प्लग परत बसवला. "मग शेठ काय म्हणंल? खरं हाय, इलाहीला ऐकू येत न्हाई. मग मी काय करू जैतून? जत्रेत फुगे इकू?"

"इका. मी फुगवून देते."

त्यांना हसू आलं. तेवढ्यात वर माणसं फळ्यांवर पाय आपटायला लागली. सुकुमारचा भोंगा सुरू झाला. शेठ कठड्याशी येऊन उभा राहिलेला मला खालून दिसला, पांढरी टोपी, हात मागं बांधलेले.

"ह्यो एक खेळ," उस्ताद म्हणाले. "मग तू सांगशील तशी लावू. शेठच्या समोर लावू. तू ताट घेऊन बस, मी म्हणंन, व्हय, ऐकू येत न्हाई, माझी बायको ऐकती. बास?"

मी म्हणाले, बास. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं झाकलेली मूठ उघडायला ते स्वतःच्या तोंडानं तयार झाले होते. एक खेळ काय, निघून जाईल. आणि मी नाही म्हटलं असतं तर ते एकटे चढले असते. मग त्यांची गाडी कुणी ऐकली असती?

इथं आमच्या हाताचं सांगायला पाहिजे. शेवटी शेवटी आम्ही भिंतीवर एकमेकांचा हात धरून गाड्या चालवायचो. एक वर, एक खाली, आणि मध्ये हात. लोक त्यावर वेडे व्हायचे. शिट्ट्या, टोप्या, नोटा. सुकुमार माइकवर लैला-मजनू करायचा. लोकांना वाटायचं प्रेम आहे. ते होतंच, नाही कशाला म्हणू, पण तो हात धरला होता इंजिनासाठी. भिंतीवर त्यांना स्वतःची गाडी ऐकू येत नव्हती, मला येत होती. मी एकदा हात दाबला की सगळं ठीक. दोनदा दाबला की गाडी नीट नाही, उतरा. खेळात हात धरायची कल्पना उस्तादांचीच, आणि ती सगळ्या जत्रांत गाजली.

हात धरायचा पहिला नियमही त्यांनीच घालून दिला होता. गाडी धरत असल्याचा झटका ज्याला आधी कळेल त्यानं हात सोडायचा. विचारायचं नाही, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. धरून ठेवला तर एक जायच्या जागी दोघं जातात. नवरा-बायकोचं काय ते तंबूत, भिंतीवर नाही, असं म्हणायचे.

आणि वरची जागा नेहमी त्यांची. वरच्याला उजवा हात खाली द्यावा लागतो, म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा हात काढावा लागतो. आमच्या गाड्यांचा ॲक्सिलरेटर सोडला तरी आहे तिथंच राहील असा घट्ट केलेला असतो, पण तरी ते काम पक्क्या माणसाचं. खालच्याचा डावा हात जातो, ते सोपं. दुसरं असं, की वरचा पडला तर खालच्याला घेऊनच पडतो. म्हणून ज्याची गाडी आणि ज्याचा हात भरवशाचा, तो वर. वरून उस्ताद कधी पडणार नाहीत, असं मला कायम वाटायचं, म्हणून मी खाली निवांत असायची. वरच्या जागेचा सराव मी केला होता, पण लोकांसमोर कधी नाही.

तळात उतरून गाडीवर बसताना त्यांनी बोटानं मला वर दाखवलं.

"आज तू वर."

"का?"

"शेठ बघतोय. तुझं बी काम दिसू दे."

मला वाटलं, सुकुमारच्या बोलण्याला हे उत्तर आहे. बायको गाडी लावते म्हणता काय, बायको वरसुद्धा जाते बघा. मला जरा राग आला आणि जरा फुशारकीही वाटली. वाद घालायला वेळ नव्हता, वर पाय आपटणं चालूच होतं. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून किक मारली, मीही मारली.

भिंतीवर चढलो. मी कठड्याखालच्या तांबड्या रेघेपर्यंत गेले, ते माझ्या खाली आले. वरून बघितलं तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे केस किती विरळ झालेत ते दिसलं. नेहमी मी खाली असायची, कधी दिसलं नव्हतं. मग सुकुमारनं आरोळी दिली आणि उस्तादांनी डावा हात वर केला. मी उजवा हात खाली दिला.

हात घामानं ओला होता. मी एकदा दाबला. त्यांनी एकदा दाबला. लोक ओरडायला लागले.

एक-दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. मग मला ते ऐकू आलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा आवाज, बारीक, त्यांच्या इंजिनातून. तापलेलं कोरडं इंजिन असं कुरकुरतं, आणि मग त्याला फार वेळ राहिलेला नसतो. मी दोनदा दाबला. जोरात, नखं रुतेपर्यंत. त्यांनी वर बघितलं. मी तोंडानं म्हटलं, उतरा. त्यांनी मान हलवली. समजलं अशी हलवली.

मला वाटलं आता दोघंही वेग कमी करत खाली जाऊ. उतरताना हात धरूनच उतरायचं असतं, तळाजवळच्या तिरक्या फळ्यांपर्यंत. मी हात घट्ट धरला. आणि त्यांनी तो ओढला. मी सोडला नाही. मला कळलंच नाही ते काय करतायत. झटका तर मला जाणवला नव्हता, आवाज अजून चालू होता. त्यांनी परत ओढला. मग अंगठा माझ्या बोटांखाली घातला आणि माझी बोटं उघडली. एकेक करून. त्यांच्या तोंडाकडं बघायचं नसतं, पण मी बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, समोर भिंतीकडं बघत होते.

हात सुटला आणि मग त्यांची गाडी गप्प झाली. मागचं चाक फळ्यांवर घासत गेल्याचा आवाज आला, आणि मग माझ्या खाली कुणी नव्हतं.

भिंतीवरची गाडी लगेच थांबवता येत नाही. थांबली की तुम्हीही गेलात. फिरत फिरत, वेग थोडा थोडा कमी करत उतरावं लागतं. ते तळात पडले होते, गाडी अंगावर, आणि मी त्यांच्या भोवती फिरत होते. गोल गोल. प्रत्येक फेरीला मला ते दिसायचे. माझी गाडी चालू होती म्हणून कुणाला दार उघडून आत येता येत नव्हतं. वर एका माणसानं कठड्यावरून वाकून नोट धरली होती, हसत होता. त्याला वाटलं हासुद्धा खेळच. माझा उजवा हात अजून तसाच खाली लोंबत होता, तो हॅन्डलवर ठेवायचा असतो हेसुद्धा मला आठवलं नाही. भोंग्यातलं गाणं चालूच होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात जीपमधून नेलं. वाटेतच गेले. माझ्या मांडीवर डोकं होतं. जाता जाता काही बोलले नाहीत, लोक म्हणतात तसं काही झालं नाही. मी बोलत होते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते, मग माझे ओठ त्यांना कुठून दिसणार.

मयताला शेठ आला, सुकुमारही आला. उस्तादांच्या गावी, अंगणात पुरुष बसले होते, आणि सुकुमारनं तिथं सगळ्यांना सांगितलं की भाभींनी हात सोडला. शेठनंही मान हलवली. ते दोघं कठड्याला उभे होते. त्यांना काय दिसलं? वर मी, माझा हात रिकामा, आणि खाली पडणारा माणूस. मनात वाईट होतं असंही मी म्हणत नाही. पण इंजिन कुणी उघडून बघितलं नाही. बिघडलेल्या इंजिनावर लागोपाठ खेळ लावले, हे बोलण्यापेक्षा बाईनं हात सोडला हे बोलणं सोपं होतं.

माझ्या सासूनं, अम्मानं, आतून ते ऐकलं. बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"तू सोडलास?"

"नाही, अम्मा. त्यांनी सोडला."

"माझा इलाही सोडील?" ती म्हणाली. "तुझा हात सोडील त्यो? घरदार सोडून तुझ्या मागं फिरला, त्यो हात सोडील?"

मी कितीदा सांगितलं. गाडी कोरडी होती, प्लग पांढरा होता, माझी बोटं त्यांनी उघडली. अम्मा ऐकायची आणि म्हणायची, हात सोडणारी. मला दुसरं घर नव्हतं, अम्माला दुसरं कुणी नव्हतं, नणंद रसूलबी तिच्या सासरी. म्हणून आम्ही दोघी एकाच छपराखाली राहिलो. मी द्राक्षाच्या बागांत कामाला जायची, संध्याकाळी भाकऱ्या थापायची, आणि ती ताटावर बसून म्हणायची, हात सोडणारीच्या हातचं खाते मी. खायची मात्र सगळं. मीही काही गप्प बसणारी नव्हते. मी म्हणायची, मग नका खाऊ. अशी किती वर्षं गेली. शेजारणी म्हणायच्या, ह्या दोघी भांडणावरच जगल्यात. काही अंशी खरं होतं ते.

मग अम्मा अंथरुणाला खिळली. तिचं अंग उचलून मीच धुवायची. शिव्या द्यायचीही ताकद तिच्यात राहिली नव्हती आणि मला त्याचंच वाईट वाटायचं. एका दुपारी पाणी पाजत होते, तर तिनं माझं मनगट धरलं.

"जैतून, एक खरं सांग. त्यानं सोडला म्हणतीस तू."

"हो."

"म्हंजे त्याला ठावं हुतं? चढताना ठावं हुतं?"

तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला एकदम लख्ख कळलं. म्हातारीनं माझं पहिल्या दिवसापासून खरं मानलं होतं. म्हणूनच ती इतकी भांडत होती. मी सोडला असता तर तिचा पोरगा नुसता मेला असता, जत्रेत माणसं मरतात तसा. त्यानं सोडला म्हणजे तो जाणूनबुजून चढला. आईचा विचार न करता चढला.

ठाऊक होतं त्यांना. पांढरा प्लग बघितला तेव्हाच ठाऊक होतं. गाडी धरेल तर भिंतीवरच धरेल, आणि धरली तर वरचा खालच्यावर पडेल. म्हणून त्यांनी मला वर घातलं. शेठ बघतोय, तुझं काम दिसू दे, असलं काहीतरी बोलून. हे मला फार वर्षांपूर्वी, बागेत घड विरळत असताना कळलं होतं आणि मी कात्री टाकून तिथंच वेलीखाली बसले होते. कान माझे होते. ऐकत मी होते. पण झटका आधी त्यांना कळला, मांडीला लागून असेल, दाताला लागून असेल, आणि त्यांनी नियम पाळला. एवढं सगळं अम्माला सांगता आलं असतं. तो कसा शहाणा होता, कसा मायेचा होता, हेही सांगता आलं असतं. पण त्यात आईसाठी काही नव्हतं. सगळं माझ्यासाठीच होतं.

"मी सोडला, अम्मा," मी म्हणाले. "मीच सोडला. त्यांना काही ठाऊक नव्हतं."

मला वाटलं आता शिवी येईल. यावी असंही वाटलं.

"बरं केलंस," अम्मा म्हणाली. "न्हाईतर दोघं गेला असता."

आणि तिनं माझा उजवा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि घट्ट धरला. तिच्या हातात एवढा जोर शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधी रडले नव्हते अशी मी रडले, कारण मी न केलेल्या गोष्टीची मला माफी मिळाली होती, आणि ती मला हवीहवीशी वाटत होती. अम्माचा डोळा लागला. मी हात काढून घेतला नाही.

ऊन उतरून उंबऱ्याबाहेर गेलं तरी मी तशीच बसले होते. अम्माच्या दुखण्यात सासरहून आलेली रसूलबी दारातून आत आली, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खाली बसून तिनं अम्माची गार पडलेली बोटं माझ्या हातावरून एकेक करून उघडली.